टास्मानियातलं तळं बघायला जाताय, तर वेळ जंगलासाठी ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेलबर्नला राहणाऱ्या एका कुटुंबाकडे एप्रिलमध्ये पुण्याहून आई-बाबा येणार आहेत. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस टास्मानियाला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या बेटावर, जायचं आहे. क्रेडल माउंटनच्या पायथ्याचं डव्ह लेक करावं की लेक सेंट क्लेअर? आईंचे गुडघे दुखतात. काश्मीर आणि लडाख झालेलं आहे, त्यामुळे निळं पाणी आणि मागे डोंगर हे दृश्य सगळ्यांनी पाहिलेलं आहे, मग एवढं लांब जाऊन वेगळं काय दिसणार? शिवाय विचारणाऱ्या बाईंच्या नवऱ्याला ओव्हरलँड ट्रॅक (क्रेडलपासून सेंट क्लेअरपर्यंतची अनेक दिवसांची पायवाट) करायचा आहे, तो याच वेळात बसेल का?

मी टास्मानियात बरीच वर्षं वॉकिंग गाइड म्हणून काम करतोय आणि त्याआधीचं माझं सगळं चालणं सह्याद्रीतलं आहे. माझं उत्तर असं: दोन्ही तळी होतात, चार दिवसांत आरामात होतात. पण तळ्यासाठी म्हणून गेलात तर काश्मीरशी तुलना होणारच आणि डव्ह लेक त्यात मागे पडेल. वेगळं काही असेल तर ते काठावरचं जंगल. ते काश्मीरमध्ये नाही, आल्प्समध्ये नाही, आणि झाडांचा असा मेळ टास्मानियाबाहेर कुठेच नाही. वेळेची आखणी त्याच्याभोवती करा.

हे असं का, ते जरा नीट सांगतो, कारण ते कळलं की तिथे उभं राहून काय बघायचं तेही कळतं.

दोन्ही तळी हिमनदीने कोरलेली आहेत. शेवटच्या हिमयुगाचा कळस साधारण 20 हजार वर्षांपूर्वी झाला. तेव्हा टास्मानियाच्या मधल्या उंच भागावर बर्फाचा जाड थर होता आणि त्यातून निघालेल्या हिमनद्या दऱ्या खरवडत खाली सरकत होत्या. सेंट क्लेअरची दरी त्यांनी इतकी खोल केली की आज त्या तळ्याची खोली सुमारे 160 मीटर धरतात आणि ते ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात खोल नैसर्गिक गोड्या पाण्याचं तळं आहे. हिमनदी वितळताना तिने आणलेला दगडगोट्यांचा ढीग दरीच्या तोंडाशी पडून राहिला (भूगोलाच्या पुस्तकात याला हिमोढ म्हणतात), त्यामागे पाणी अडलं. पुढे 1930 च्या दशकात वीजनिर्मितीसाठी तोंडाशी छोटा बांध घातला, त्यामुळे पातळी थोडी वाढली. डर्वेंट नदी इथेच सुरू होते आणि होबार्ट शहराजवळून समुद्राला मिळते.

म्हणजे तळी तरुण आहेत. भूगर्भाच्या हिशेबात काही हजार वर्षं म्हणजे कालचीच गोष्ट.

जंगलाचं तसं नाही. बर्फ पसरला तेव्हा ही झाडं खालच्या ओलसर दऱ्यांमध्ये तग धरून राहिली आणि बर्फ हटल्यावर पुन्हा वर सरकली. तळी जन्माला आली तेव्हा त्यांच्या काठावर येऊन उभ्या राहिलेल्या झाडांची घराणी आधीच कोट्यवधी वर्षं जुनी होती. म्हणून मी पाहुण्यांना सांगतो की इथे आधी झाडं बघा, पाणी मागून बघा.

आता यातला आपला धागा. ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि भारत हे एके काळी गोंडवन नावाच्या एकाच भूखंडाचे भाग होते. चंद्रपूर आणि वर्धा खोऱ्यातला कोळसा त्याच भूखंडावरच्या जंगलांचा आहे, 25 कोटी वर्षांहून जुना. त्यात ज्या ग्लॉसोप्टेरिस झाडाच्या पानांचे ठसे सापडतात, त्याच झाडाचे ठसे ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकातही सापडतात. पण भारत साधारण 12-13 कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला आणि उत्तरेकडे निघाला. नोथोफॅगस नावाचं झाडांचं घराणं पसरलं ते त्यानंतर, उरलेल्या दक्षिणेकडच्या तुकड्यांवर. म्हणून हे घराणं आज चिली-अर्जेंटिनात आहे, न्यूझीलंडमध्ये आहे, टास्मानियात आहे, अंटार्क्टिकात त्याचे जीवाश्म आहेत, आणि आपल्याकडे ते नाही. डव्ह लेकच्या काठावर तुम्ही ज्या झाडाखाली उभे राहाल, ते आपल्या भूमीने गाडी सोडल्यानंतरचं आहे. मला हा विचार दर वेळी हलवून जातो, आणि पुण्याहून आलेल्या माणसाला तो सांगितल्याशिवाय मी राहत नाही.

बाबांना दगडांची आवड असेल तर आणखी एक. क्रेडल माउंटनचा दातेरी माथा डोलेराइटचा आहे. हा शिलारस जमिनीवर आलाच नाही, खालीच थराथरांत घुसून थंड झाला, सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी. सह्याद्रीचा बेसाल्ट साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. ज्यांनी आपल्याकडे बेसाल्टचे उभे खांब पाहिले आहेत, त्यांना डोलेराइटचे खांब बघून ओळख पटते. सह्याद्रीत मात्र हिमनदी कधी आली नाही, त्यामुळे तिने दगडावर काय केलं हे आपल्याला माहीत नसतं. ते बघायला डव्ह लेकच्या पूर्व काठावर, पार्किंगपासून अगदी थोड्या अंतरावर, ग्लेशियर रॉक आहे. क्वार्ट्झाइटचा मोठा गुळगुळीत खडक आहे. वर चढलात की उभं राहून फोटो काढून परतू नका. खाली बसा, हात फिरवा. एकाच दिशेने गेलेल्या समांतर रेघा बोटांना लागतात. बर्फाच्या तळाशी अडकलेले दगड या खडकावरून घासत गेले, त्याचे हे ओरखडे. त्या दिशेने मान वर केलीत की कोणत्या कड्याकडून हिमनदी आली ते समोर दिसतं. आईंनाही इथवर सहज येता येईल.

आता झाडं. चारच ओळखायला शिका, बाकीची आपोआप वेगळी दिसायला लागतात.

पहिलं मर्टल, नोथोफॅगस घराण्यातलं सदाहरित झाड. जंगलाचं छत मुख्यतः याचंच. पान लहान, गर्द हिरवं, कडेला बारीक दाते. बुंधे म्हातारे झाले की शेवाळाने आणि लायकेनने इतके झाकले जातात की साल शोधावी लागते. (लायकेन म्हणजे आपण मसाल्यात घालतो त्या दगडफुलाचेच भाऊबंद. आई लगेच ओळखतील.) फांद्यांवर गाठी दिसल्या तर थांबा. त्या एका बुरशीने केलेल्या असतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, म्हणजे इथल्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला, त्यातून नारिंगी रंगाचे गोल गोळे लटकतात. सिटारिया हे तिचं नाव, आणि ती फक्त नोथोफॅगसवरच वाढते. चार्ल्स डार्विनने 1830 च्या दशकात दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, टिएरा देल फ्यूगोमध्ये, तिथले लोक तिचीच एक जात खाताना पाहिली आणि नोंदवून ठेवली. झाड आणि त्यावरची बुरशी, दोघंही समुद्राच्या दोन्ही बाजूंना. बी किंवा बीजाणू एवढ्या लांब वाहत गेले असतील की भूखंडच फाटला असेल यावर शास्त्रज्ञांचा वाद होता आणि काही जातींबाबत अजून आहे. पण जोडी दोन्हीकडे आहे हे तर डोळ्यांनी दिसतं.

दुसरं फॅगस. हे मर्टलचं चुलत भावंड, आणि तुमच्या तारखांमुळे तुमच्या सहलीचं मुख्य आकर्षण. ऑस्ट्रेलियाच्या मूळ झाडांमध्ये थंडीत पानं गाळणारं हे जवळजवळ एकमेव झाड, आणि ते फक्त टास्मानियाच्या डोंगरांत आहे. एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या सुरुवातीला ते आधी पिवळं, मग केशरी, मग गंजलेलं लाल होतं. 25 एप्रिलच्या अॅन्झॅक डेच्या (युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनाच्या) आसपास इथले लोक खास ते बघायला डोंगरावर जातात. लांबून उतारावर रंगाचे पट्टे दिसतात, पण एक फांदी हाताशी घेऊन पान जवळून बघाच. अंगठ्याच्या नखाहून जरासं मोठं, आणि शिरेगणिक चुणी. ज्या घड्या घालून ते कळीत बसलेलं असतं, त्या उघडल्यावरही मोडत नाहीत. चुणीच्या खोलगट भागात हिरवा रंग शेवटपर्यंत राहतो आणि उंचवट्यावर पिवळा येतो, त्यामुळे एकाच पानावर आलटून पालटून दोन रंग असतात. जमिनीवर पडलेलं पान उचलून बघितलं तरी चालतं, फक्त बघून तिथेच ठेवायचं, उद्यानातून काही घेऊन जायची परवानगी नाही.

तिसरं किंग बिली पाइन. नावात पाइन असलं तरी हे पाइन नाही. कॅलिफोर्नियाच्या रेडवुडच्या कुळातलं आहे. लालसर तपकिरी, धाग्याधाग्याने सुटणारी साल, जाड टोकदार आखूड पानं. हजार-बाराशे वर्षांची झाडं आहेत. वाढ इतकी सावकाश की खोडातली वर्षाची वलयं अनेकदा एक मिलिमीटरहून बारीक असतात, आणि म्हणूनच जुन्या हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांना ही झाडं मोलाची वाटतात. ज्ञानेश्वरांच्या काळात जे रोप होतं, ते आज इथे मध्यमवयीन झाड आहे. याचंच चुलत भावंड म्हणजे पेन्सिल पाइन. ते आणखी उंचावर, हिमनदीने कोरलेल्या छोट्या तळ्यांच्या अगदी पाण्याला लागून उभं असतं. त्याची पानं खवल्यांसारखी फांदीला घट्ट चिकटलेली असतात, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं. किंग बिलीचं बोटाला टोचतं. ओळखायला एवढा फरक पुरतो.

चौथं पँडानी, आणि हे बघून बाबा नक्की थबकतील. कोकणातल्या केवड्याच्या बनातून एखादं झाड उचलून बर्फात लावावं तसं दिसतं: लांब, कडक, दातेरी पानांचा झुपका वर आणि खाली वाळलेल्या पानांचा घागरा. केवड्याशी त्याचं काही नातं नाही. ते हीथच्या कुळातलं आहे, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या नातेवाइकांपैकी, आणि 12 मीटरपर्यंत उंच जाणारं. पावसात त्याच्या पानांवरून पाणी ओघळून बुंध्याकडे उतरताना बघत राहावंसं वाटतं.

ही चारही झाडं एका जागी बघायची असतील तर डव्ह लेकच्या 6 किलोमीटरच्या फेरीवर बॉलरूम फॉरेस्ट आहे. घड्याळाच्या दिशेने चाललात तर पूर्व काठ, मग क्रेडलच्या अगदी पायथ्याचा भाग, मग हे जंगल आणि शेवटी 1940 मध्ये बांधलेली लाकडी बोटशेड. उघड्या वाऱ्यातून आत शिरलं की दोन पावलांत आवाज बदलतो, वारा वर राहतो. पायाखाली मुळं आणि शेवाळ, मधून ओढा. दोन-तीन तासांची फेरी म्हणतात. मी चार धरतो, आणि त्यातला एक या जंगलात. पण मागच्या बाजूला पायऱ्या आणि चढ-उतार आहेत, ओलं असलं की घसरडंही होतं. गुडघे दुखत असतील तर आईंनी फेरी करू नये. त्यांनी ग्लेशियर रॉकपर्यंत जावं, परत येऊन बोटशेडपर्यंत जावं, आणि जंगलासाठी वाल्डहाइम या लाकडी घराजवळचा वाइन्डॉर्फर्स फॉरेस्ट वॉक करावा. वीसेक मिनिटांचा आहे, थोड्या पायऱ्या आहेत, आणि किंग बिली तिथे बॉलरूमइतकेच भव्य आहेत. पायऱ्याही नको असतील तर उद्यानाच्या प्रवेशाजवळ पेन्सिल पाइन फॉल्सचा लाकडी फळ्यांचा सपाट रस्ता आहे, दहा मिनिटांचा, व्हीलचेअरही जाते. तोही खऱ्या वर्षावनातूनच जातो, कमअस्सल समजू नका.

वाल्डहाइमचा उल्लेख आलाच आहे तर गुस्ताव आणि केट वाइन्डॉर्फर यांच्याबद्दल सांगायला हवं. गुस्ताव ऑस्ट्रियातून आलेला, केट टास्मानियाची, दोघांनाही वनस्पतींचं वेड. 1910 मध्ये ते क्रेडलवर चढले आणि हा भाग सगळ्या लोकांसाठी कायमचा राखला गेला पाहिजे हे तेव्हाच ठरवलं. त्या वेळी इथे रस्ताही नव्हता. 1912 मध्ये गुस्तावने इथल्याच किंग बिलीच्या लाकडातून वाल्डहाइम बांधलं आणि पाहुण्यांना बोलावून जंगल दाखवायला सुरुवात केली. केट 1916 मध्ये गेली. तो एकटा राहिला, भाषणं देत, चित्रं दाखवत फिरला, आणि 1922 मध्ये क्रेडलपासून सेंट क्लेअरपर्यंतचा पट्टा संरक्षित झाला. 1982 मध्ये तो जागतिक वारसा क्षेत्रात गेला. आत्ताचं घर नव्याने बांधलेलं आहे, मूळ पाडलं गेलं, पण जागा तीच आहे. माझ्यासारख्या माणसाचा इथला व्यवसाय त्या दोघांनी सुरू केला असं मी मानतो.

संरक्षण मिळालं म्हणजे सगळं सुरक्षित झालं असं नाही, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त सांगायचा आहे.

ऑस्ट्रेलियात वणवा आणि झाडं यांचं जुनं नातं आहे हे तुम्ही ऐकलं असेल. निलगिरी जळते आणि पुन्हा फुटते, तिचं बी आगीनंतरच्या राखेत रुजतं. इथल्या उंचावरच्या जंगलाला हे जमत नाही. किंग बिली आणि पेन्सिल पाइन जळले की मेले. बुंध्यातून पुन्हा फुटत नाहीत, जमिनीत बियांचा साठा ठेवत नाहीत, भरघोस बी काही वर्षांतून एकदाच येतं आणि ते लांब जात नाही. शिवाय खालची जमीन पीटची असते, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा हजारो वर्षांचा थर. कोरड्या वर्षी ती जमीनच धुमसते. मग रुजायला माती उरत नाही. विसाव्या शतकात किंग बिलीच्या जंगलांपैकी साधारण एक तृतीयांश अशी गेली. 1960-61 च्या वणव्यात मध्य पठारावरची पेन्सिल पाइनची मोठी वनं मेली, आणि त्यांचे पांढरे पडलेले सांगाडे अजून उभे आहेत. लाकूड सहजासहजी कुजत नाही, म्हणून ते दशकानुदशकं दिसत राहतात. त्यांच्याखाली नवीन रोप शोधून बघा, मिळत नाही.

मूळ रहिवाशांच्या हजारो वर्षांच्या काळातही इथे आग होती. सेंट क्लेअरला त्यांचं नाव लीआवुलीना. ते ओल्या, थंड ऋतूत छोटे छोटे तुकडे जाळत, शिकारीसाठी माळ मोकळे ठेवत. आज तुम्हाला गवताचा माळ आणि त्याला चिकटून दाट जंगल अशी जी सरमिसळ दिसते, तिच्यामागे त्यांचा हात आहे. जंगलाची कड त्यांनी राखली होती. 1830 च्या दशकात त्यांना या भूमीवरून हुसकून लावलं गेलं, मग गुराखी, सापळे लावणारे आणि खाणी शोधणारे आले आणि उन्हाळ्यात मन मानेल तशा आगी लावल्या गेल्या. आता माणसाच्या जोडीला वीज आहे. जानेवारी 2016 मध्ये पाऊस न पडता नुसत्या विजा कोसळल्या आणि वारसा क्षेत्रातला जवळपास 20 हजार हेक्टर भाग जळला. लेक मॅकेन्झीजवळचे हजार वर्षांचे पेन्सिल पाइन त्यात गेले. 2019 च्या उन्हाळ्यात पुन्हा मोठे वणवे लागले, तेव्हा दुर्गम वनांभोवती पाण्याचे फवारे बसवून झाडं वाचवावी लागली. गॅस किंवा द्रव इंधनाच्या शेगडीशिवाय दुसरा विस्तव इथे चालत नाही, आणि हा नियम मी माझ्या गटात कुणालाही, कितीही थंडी असली तरी, वाकवू देत नाही.

दुसरा धोका तुमच्या बुटांवर येतो. मुळं कुजवणारी फायटोफ्थोरा आणि बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी चिखलातून पसरतात. मेलबर्नजवळच्या जंगलात वापरलेले बूट घासून, धुवून, पूर्ण वाळवून आणा. तळवा बघा, नाडीच्या भोकांजवळही माती राहते. आणि पायवाटेवरच चाला. डोंगरमाथ्यावर हिरव्या उशीसारख्या दिसणाऱ्या वनस्पती म्हणजे अनेक रोपांची एकत्र वसाहत असते, एका पावलाची खूण तिथे वर्षानुवर्षं राहते.

जेवणाचंही सांगून ठेवतो, कारण आपल्या लोकांची इथे नेहमी अडचण होते. टास्मानियात मुख्य भूमीवरून ताजी फळं आणि भाज्या आणायला बंदी आहे, विमानतळावर कुत्रा वास घेतो. कढीपत्ता, कोथिंबीर, लिंबू मेलबर्नलाच ठेवा. कोरडा खाऊ, तयार पाकिटं चालतात. क्रेडलजवळ शाकाहारी जेवणाचे पर्याय थोडे आहेत, म्हणून स्वयंपाकघर असलेली केबिन घ्या आणि भाजी लाँसेस्टनला विकत घ्या. आणि जेवताना बॅग उघडी टाकू नका. इथला काळा करावाँग पक्षी चोचीने चेन उघडतो, हे मी सांगितल्यावर कुणाला पटत नाही.

थंडीची तयारी पूर्ण ठेवा. क्रेडलला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. महाबळेश्वरपेक्षा बराच कमी, पण तो बाराही महिने थोडा थोडा येतो आणि कुठल्याही महिन्यात बर्फ पडू शकतो. एप्रिलच्या शेवटी रात्री पारा शून्याच्या आसपास जातो आणि साडेपाचपर्यंत सूर्य मावळतो. दोन्ही पालकांना पाणी न शिरणारं जाकीट हवंच, छत्री वाऱ्यात टिकत नाही. धुक्यात डोंगर दिसला नाही तर हळहळू नका, जंगल बघायला धुक्याचा दिवस जास्त चांगला. शेवाळाचा रंग कोरड्या उन्हात मरतो.

आता आखणी. विमानाने लाँसेस्टनला उतरा, तिथून क्रेडल साधारण दोन तास. दोन रात्री तिथे राहा. उद्यानाचा पास लागतो, आणि डव्ह लेकपर्यंत स्वतःची गाडी सहसा नेता येत नाही, अभ्यागत केंद्रापासून शटल बस आहे. संध्याकाळी रॉनी क्रीकच्या थांब्यावर उतरा, वॉम्बॅट (कांगारूसारखेच पिशवीवाले, पण बुटके गुबगुबीत प्राणी) गवतात चरत असतात. तिसऱ्या दिवशी पश्चिमेकडून फिरून रोझबेरी, क्वीन्सटाउन करत सेंट क्लेअरजवळच्या डर्वेंट ब्रिजला या. मधून रस्ता नाही, म्हणून हा वळसा. पण क्वीन्सटाउनला अर्धा तास थांबाच. तिथे तांब्याच्या भट्ट्यांसाठी डोंगरावरचं जंगल तोडलं, राहिलेलं गंधकाच्या धुराने मेलं, मग पावसाने माती वाहून नेली. शंभरहून जास्त वर्षं झाली तरी कितीतरी उतार अजून बोडके आहेत. सकाळी क्रेडलचं जंगल आणि दुपारी हे, एकाच दिवशी पाहिलेलं बरं.

सेंट क्लेअरला सिंथिया बेवरून बोट निघते आणि तळ्याच्या उत्तर टोकाला नार्सिससला जाते. आईंसाठी ही उत्तम: बसून जायचं, डावीकडे माउंट ऑलिंपस, उजवीकडे माउंट आयडा, आणि पश्चिम काठावर पाण्यापर्यंत उतरलेलं मर्टलचं जंगल. बोटीची जागा आधी आरक्षित करा, हिवाळा जवळ आला की फेऱ्या कमी होतात. तुमच्यापैकी ज्यांना चालायचं आहे त्यांनी नार्सिससला उतरून काठाने परत यावं, साडेसतरा किलोमीटर, सगळा रस्ता जंगलातून. तेवढं नको असेल तर वाटेत एको पॉइंटला बोट थांबते का ते विचारून घ्या, तिथून अंतर बरंच कमी होतं. सगळ्यांनी मिळून करायचं तर वॉटर्समीटपर्यंतची सपाट वाट चांगली. जवळच प्लॅटिपस बे आहे, पहाटे किंवा तिन्हीसांजेला तिथे गप्प उभं राहिलात तर प्लॅटिपस दिसण्याची बरी शक्यता असते. सेंट क्लेअरहून होबार्ट अडीच तास, परतीचं विमान तिथूनच घ्या.

ओव्हरलँड ट्रॅक या सहलीत बसत नाही. क्रेडलपासून सेंट क्लेअरपर्यंत 65 किलोमीटर, साधारण सहा दिवस. 1 ऑक्टोबर ते 31 मे या काळात परवाना आधी काढावा लागतो आणि उत्तरेकडून दक्षिणेकडेच चालता येतं. एप्रिलअखेर दिवस लहान आणि वाटेवर बर्फ मिळू शकतो, तेव्हा पहिल्यांदा येणाऱ्याने फेब्रुवारी-मार्च धरावा. त्यात एक फायदाही आहे: उन्हाळ्याच्या त्या दिवसांत लेदरवुड नावाच्या झाडाला पांढरी फुलं असतात, इथला सगळ्यात नावाजलेला मध त्याचा, आणि चिलीत त्याच्याच सख्ख्या नातेवाइकाचा मध काढतात. या वेळी नवऱ्याने रॉनी क्रीकहून क्रेटर लेक करून मॅरियन्स लुकआउटवर चढावं आणि डव्ह लेकला उतरावं. पहिला टप्पा ओव्हरलँडचाच आहे, चढ खडा आहे, साखळ्या धरून चढायचा थोडा भाग आहे, आणि क्रेटर लेकच्या कड्यांवर फॅगसचा रंग संपूर्ण क्रेडलमध्ये सगळ्यात दाट असतो. सकाळच्या पहिल्या शटलने निघाला तर दुपारी तीनपर्यंत तो तुम्हाला बोटशेडजवळ भेटेल.